एक इंग्रज व एक गोमंतकीय

दर सोमवारी केवळ पाण्यावर राहणारा, मद्यास न शिवणारा आणि शाकाहारावर देह पोसणारा गृहस्थ म्हटला म्हणजे आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एखादा हरदास किंवा सेवानिवृत्त शिरस्तेदार उभा राहील. पायाने चेंडू मारून पोट भरणारा इंग्रज खचित उभा राहणार नाही. परंतु सर स्टॅन्ली मॅथ्यूज हा जगद्विख्यात फुटबॉलपटू नेमका असाच होता. त्याच्या उपवासात धर्माचा भाग काही नव्हता. आठवड्यातून एक दिवस पोटास विश्रांती द्यावी, शरीर हलके राहावे, एवढाच त्यातील हेतू. आणि तो किती सफळ झाला याची साक्ष अशी की, वयाची पन्नास वर्षे पुरी झाल्यावर पाच दिवसांनी, ६ फेब्रुवारी १९६५ रोजी, हा मनुष्य इंग्लंडच्या पहिल्या प्रतीच्या स्पर्धेतील आपला शेवटचा सामना खेळला. आपल्याकडे पन्नाशीचा मनुष्य गुडघ्यास तेल चोळीत बसतो व त्यास कोणी नावे ठेवीत नाही.

मॅथ्यूजचे नाव आमच्या घरात निघाले ते एका वादाच्या निमित्ताने. तो वाद सांगितल्यावाचून पुढील मजकुराचा संदर्भ लागावयाचा नाही, म्हणून तो आधी सांगतो.

आमचे गडब हे पेण तालुक्यातील गाव मुंबई–गोवा महामार्गावर वडखळच्या पुढे लागते. धरमतरच्या खाडीकडे उतरत गेलेली खारी जमीन, समुद्राचे पाणी थोपविण्यासाठी घातलेले बांध, त्यांच्या आश्रयाने पिकणारी भाताची खाचरे, आणि अलीकडे रात्री आकाश तांबूस करणारा डोलवीचा पोलाद कारखाना, असा हा मुलूख. कापणी होऊन खाचरे मोकळी झाली की गावची मुले त्यांत क्रिकेट व कबड्डी खेळतात. ज्येष्ठात पहिला पाऊस आला म्हणजे क्रिकेटचे साहित्य माळ्यावर जाते. फुटबॉलचे तसे नाही. पाऊस हा फुटबॉलचा वैरी नसून सोबती आहे. मुंबईत तर हारवुड लीगचे सामने पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यातच होत आले. माझ्या नातवास हा खेळ असाच पावसाने लावला. शाळेच्या पटांगणात घोट्याइतके पाणी साचले असता हा मुलगा त्यात चेंडू घेऊन दोन दोन तास धावे, व संध्याकाळी चिखलाने माखून परसदारी उभा राही. त्याच्या खोलीत भिंतीवर हॅरी केन या इंग्रज खेळाडूचे भले मोठे चित्र आहे. हे गृहस्थ कोण म्हणून मी एकदा विचारले, तेव्हा २०१८ सालच्या विश्वचषकात सर्वांहून अधिक, म्हणजे सहा, गोल याने केले, अशी माहिती मला मोठ्या करुणेने देण्यात आली.

यंदा चैत्रात परराज्यातील एका फुटबॉल शिक्षणसंस्थेचे पत्र आले. मुलाची निवड झाली आहे. वय वर्षे अठरा होईपर्यंत तेथेच राहावयाचे, जवळच्या शाळेत शिकावयाचे, सकाळ-संध्याकाळ खेळावयाचे. खर्चाचा काही भाग संस्था सोशील, उरलेला पालकांनी द्यावयाचा. मुलगा नववीत. पत्र येताच घरात दोन तट पडले. माझे चिरंजीव अभियंता आहेत व त्यांची विचारसरणीही अभियंत्याचीच. कोणताही पूल बांधण्यापूर्वी तो कोसळला तर काय, हे आधी पाहावे, असे त्यांचे म्हणणे. सूनबाईंचे म्हणणे असे की, ज्या वयात पाय धावतात त्याच वयात त्यांस धावू दिले पाहिजे. गणित चाळिसाव्या वर्षीही शिकता येते. दोन्ही पक्ष मला खरे वाटत. आणि दोन्ही पक्ष खरे वाटणे यासारखी म्हाताऱ्या माणसाची दुसरी अडचण नाही. आठ दिवस भोजनाच्या वेळी भांड्यांखेरीज कशाचा आवाज ऐकू आला नाही. अखेर "नाना, तुम्हीच काय ते सांगा" असे म्हणून दोघांनीही तो भार माझ्यावर टाकला.

भार टाकला खरा, पण नातवाने त्यात आणखी भर घातली. रात्री माझ्या अंथरुणापाशी येऊन तो म्हणाला, "आजोबा, आपल्याकडे असा कोणी झाला का हो?"

मी तत्काळ प्रो. दि. ब. देवधरांचे नाव सांगितले. पुण्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा प्राध्यापक १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे महाराष्ट्रास रणजी करंडक मिळवून देतो. वयाच्या ४९ व्या वर्षात मुंबईविरुद्ध २४६ धावा काढतो. आणि १०१ वर्षे जगून १९९३ साली देह ठेवतो. मॅथ्यूजच्या पन्नाशीस आमची पन्नाशी हार जात नाही, असे मी अंमळ ताठ्यानेच म्हणालो. मुलाने सर्व ऐकून घेतले व इतकेच विचारले, "पण ते क्रिकेट. फुटबॉलमध्ये कोण?"

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर जिभेवर येईना. क्रिकेटमधील दहा मराठी नावे मी झोपेतही सांगेन. ती माझ्या वडिलांच्या व काकांच्या तोंडून मी ऐकली. फुटबॉलचे एकही नाव आमच्या माजघरात कधी उच्चारले गेले नाही. आपल्या घरांत खेळालाही सोवळे-ओवळे होते असे म्हणावे लागते. क्रिकेट हा साहेबाचा व प्राध्यापकाचा खेळ म्हणून पंक्तीत बसला. फुटबॉल पलटणीचा, गिरणीचा व धोबीतलावच्या गोमंतकीय मंडळींचा म्हणून अंगणाबाहेर राहिला. हा भेद कोणी लिहून ठेवला नव्हता, आणि म्हणूनच तो इतका पक्का होता. मी मुलाला म्हटले, "चार दिवस दे. पाहून सांगतो." त्या चार दिवसांचा पुढे महिना झाला. त्या महिन्यात जे वाचले त्यातून प्रथम हाती लागला तो मॅथ्यूज, आणि त्याच्या मागून, त्याच वर्षाच्या पानांत, आपला नेव्हिल.

मॅथ्यूजचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हॅन्ली येथला. चिनी मातीची भांडी भाजणाऱ्या भट्ट्यांच्या धुराने काळवंडलेला तो स्टोक शहराचा भाग. वडिलांचा धंदा केशकर्तनाचा, आणि छंद मुष्टियुद्धाचा. ते पोरांस पहाटे उठवून उघड्या खिडकीपुढे उभे करीत व श्वासाचा आणि हातापायांचा व्यायाम करवून घेत. आपल्याकडील सूर्यनमस्कारांची आठवण यावी असाच तो प्रकार. सतराव्या वर्षी मुलगा स्टोक सिटी संघात पगारी खेळाडू झाला. उजव्या बाजूच्या रेषेलगत चेंडू पायाशी ठेवून तो प्रतिस्पर्ध्यासमोर क्षणभर थबके, डावीकडे झुकल्यासारखे करी, आणि प्रतिस्पर्धी त्या बाजूस कलला की हा उजवीकडून निसटलेला असे. सगळ्या इंग्लंडास ही युक्ती ठाऊक होती. तथापि तिच्यावर तोड सापडली नाही. साऱ्या कारकिर्दीत पंचाने एकदाही त्यास ताकीद दिली नाही, हे मला त्याच्या युक्तीहूनही अधिक नवलाचे वाटते.

१९५३ साली इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात त्याचा ब्लॅकपूल संघ १–३ असा मागे पडला असता मॅथ्यूजने उजव्या बाजूने चढाया करून सामना फिरविला व ब्लॅकपूलने तो ४–३ असा जिंकला. त्या चारांपैकी तीन गोल स्टॅन मॉर्टेन्सनचे. परंतु सामना आजतागायत ओळखला जातो तो मॅथ्यूजच्या नावाने. कीर्तीचा न्याय हा असा आहे. १९५६ साली युरोपातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूस सोन्याचा चेंडू देण्याची प्रथा एका फ्रेंच नियतकालिकाने सुरू केली. तिचा पहिला मानकरी एक्केचाळीस वर्षांचा मॅथ्यूज. पुढे १९६१ साली तो आपल्या जुन्या स्टोक संघात परतला, तेव्हा आदल्या सामन्यास जेथे आठ हजारांच्या आसपास माणसे होती तेथे पस्तीस हजारांवर लोटली. १९६५ च्या आरंभी, अद्याप खेळत असतानाच, त्यास 'सर' ही पदवी मिळाली. खेळ सोडल्यावर १९७५ साली त्याने दक्षिण आफ्रिकेतील सोवेटो येथील काळ्या शाळकरी मुलांचा संघ उभारून वर्णभेदाच्या राजवटीच्या नाकावर टिच्चून तो ब्राझीलला नेला. २००० साली तो वारला, तेव्हा स्टोकच्या रस्त्यांवर सुमारे एक लाख माणसे उभी राहिली. त्याची रक्षा मैदानाच्या मध्यवर्तुळाखाली पुरली आहे.

इतके सारे वाचून मी मुलास सांगितले असते तर त्याचे समाधान झालेही असते. पण त्याचा प्रश्न 'आपल्याकडे' असा होता. तेव्हा मी ते १९५६ साल पुन्हा उघडले.

मॅथ्यूजला सोन्याचा चेंडू मिळाला त्याच डिसेंबर महिन्यात ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे ऑलिंपिक सामने चालू होते. भारताचा फुटबॉल संघ तेथे गेला होता. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी भारतास न खेळताच मिळाली. दुसरीत, म्हणजे उपान्त्यपूर्व सामन्यात, गाठ पडली ती यजमान ऑस्ट्रेलियाशी. दिवस १ डिसेंबर. नवव्या मिनिटास भारताच्या आघाडीतील एका चोवीस वर्षांच्या तरुणाने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटास ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटास त्याच भारतीय तरुणाने दुसरा गोल केला. एक्केचाळिसाव्यास मॉरोने तोही फेडला. मध्यंतर झाले. पन्नासाव्या मिनिटास त्या तरुणाने तिसरा गोल केला, आणि हा मात्र ऑस्ट्रेलियास फेडता आला नाही. अखेरीस कृष्णस्वामी किट्टूने चौथा करून सामना ४–२ असा संपविला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा पहिला आशियाई खेळाडू म्हणून ज्याचे नाव नोंदले गेले तो हा तरुण म्हणजे नेव्हिल डिसोझा.

नेव्हिलचा जन्म १९३२ चा, गोमंतकात बार्देश तालुक्यातील आसगाव येथला. म्हापशाच्या अलीकडे-पलीकडे ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांस हे गाव ठाऊक असेल. शेजारच्या शिवोली गावी १८८३ साली एका इंग्रज पाद्र्याने गोव्यात प्रथम फुटबॉल आणला असे सांगतात. म्हणजे चेंडू त्या मातीत नेव्हिलच्या आधी अर्धे शतक येऊन पडला होता. पण गोव्यात तेव्हा नोकरी नव्हती. ती मुंबईत होती. नेव्हिल मुंबईस टाटांच्या संघाकडून खेळला. १९५४-५५ च्या मोसमात मुंबईने संतोष करंडक प्रथमच जिंकला, त्या संघात तो होता.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. १९५६ साली गोवा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, गोव्याच्या सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रह्यांवर गोळ्या चालल्या होत्या. त्यात आपल्या महाराष्ट्रातील कित्येक घरांचे दिवे विझले. नंतर सरहद्द बंद झाली, दळणवळण तुटले. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये. म्हणजे ज्याचे जन्मगाव परक्याच्या ताब्यात होते असा एक तरुण भारताचा पोशाख अंगावर चढवून मेलबर्नला उभा राहिला आणि त्याने भारतास ऑलिंपिकच्या उपान्त्य फेरीत नेले. भारताच्या आधी हे कोणत्याही आशियाई देशास साधले नव्हते. आज आमच्या दारावरून रात्रंदिवस गोव्याच्या मोटारी जातात. त्यांतील किती जणांस आसगावचा हा मुलगा ठाऊक असेल, कोण जाणे.

त्या संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. हे मूळचे शाळामास्तर. मी स्वतः एकतीस वर्षे खडू झिजविला असल्यामुळे मला त्यांच्याविषयी पक्षपाती आपुलकी वाटते, हे वाचकांनी चालवून घ्यावे. रहीम यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईच्या कूपरेज मैदानावर रोव्हर्स चषक जिंकला होता. भारतीय संघ त्यांच्या हाती आला तेव्हाची स्थिती आठवावी. १९४८ साली लंडनला आपले बहुतेक गडी अनवाणी खेळले व फ्रान्सशी १–२ असे हरले. मिळालेले दोन दंडगोल हुकले, ही हळहळ निराळीच. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने आपणांस १०–१ असे झोडपले, तेव्हा कोठे बूट घालावेत असे ठरले. आणि चारच वर्षांनी, त्याच युगोस्लाव्हियाशी मेलबर्नच्या उपान्त्य सामन्यात, मध्यंतरानंतर पहिला गोल झाला तो आपला. करणारा पुन्हा नेव्हिल! ती आघाडी दोन-तीन मिनिटेच टिकली व सामना १–४ असा गेला, हे खरे. तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबर रोजी बल्गेरियाशी खेळताना भारत ०–३ हरला, हेही खरे. परंतु चौथा क्रमांक आला. भारताने त्या स्पर्धेत पाच गोल केले. त्यांतील चार एकट्या नेव्हिलचे, आणि सर्व स्पर्धेत त्याहून अधिक गोल कोणाचेच नव्हते. युगोस्लाव्हियाचा व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव या दोघांनीच त्याची बरोबरी केली.

ज्या दिवशी हे वाचून झाले त्या दिवशी मी बराच वेळ १९५६ चा डिसेंबर आठवीत बसलो. मी तेव्हा नऊ वर्षांचा. वृत्तपत्र पेणहून दुसऱ्या दिवशी येई, आणि वडील ते ओटीवर मोठ्याने वाचीत. ऐकावयास शेजारचे चार लोक जमत. त्या आठवड्यातील मला काय आठवते? ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले, ती बातमी वाचताना वडील मध्येच थांबले, ते आठवते. त्याच दिवशी मेलबर्नला हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळविले, त्याचे पेढे आठवतात. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तर रोजच्या होत्या. ७ तारखेस मुंबईत दादरच्या चौपाटीवर आंबेडकरांच्या अंत्यदर्शनासाठी लाखोंचा समुदाय जमला असता बल्गेरियाशी झालेला फुटबॉलचा सामना कोणाच्या खिजगणतीत असणार? दुःख मोठे होते आणि हॉकीचे सोने झगझगीत होते. चौथ्या क्रमांकास ओटीवर बसावयास जागा उरली नाही.

पण एका आठवड्याचे विस्मरण सत्तर वर्षे का टिकावे? बंगालात १९११ सालच्या मोहनबागानच्या विजयाची कथा आजही आजी नातवास सांगते. तेथे फुटबॉल घरात होता. स्टोकला मॅथ्यूजची रक्षा मैदानाखाली ठेवावीशी वाटली, कारण तेथल्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी शनिवारी त्या मैदानावर गेलेले होते. नेव्हिलचे घर आसगावात, नोकरी मुंबईत, पराक्रम मेलबर्नला, आणि ज्यांनी त्याचे नाव घ्यावयाचे त्या आमच्यासारख्यांच्या ओटीवर तो कधी आलाच नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून देण्यात येऊ लागले. मेलबर्नला त्याच्या खांद्याला खांदा लावून खेळलेले प्रदीपकुमार बॅनर्जी, बलराम, थंगराज यांस ते क्रमाने मिळाले. नेव्हिलचे नाव त्या यादीत नाही. १९५८ साली तो कॅल्टेक्स संघात असता त्या संघाने रोव्हर्स चषक जिंकला. १९८० साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, नेव्हिल वारला. वांद्र्यास मुंबई फुटबॉल असोसिएशनच्या मैदानास त्याचे नाव दिलेले आहे, आणि २०२४ साली रहीम यांच्यावर निघालेल्या 'मैदान' या हिंदी चित्रपटात तोही दिसतो. नातवाने तो चित्रपट पाहिला होता. पण पडद्यावर क्षणभर दिसलेला तो तरुण खरोखरीच होऊन गेलेला मनुष्य आहे, हे त्यास कोणी सांगितले नव्हते.

मी सांगितले. तीन गोलांची मिनिटे सांगितली: नऊ, तेहतीस, पन्नास. मुलाने ती पेन्सिलीने केनच्या चित्राच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. तेवढ्याने प्रश्न सुटता तर फार बरे झाले असते.

सुटला नाही, कारण चिरंजीवांनीही मधल्या काळात वाचन केले होते. त्यांनी मजपुढे त्याच मेलबर्नच्या संघातील दुसरी बाजू मांडली. कर्णधार समर बॅनर्जी हा कलकत्त्यास वैद्यकीचे शिक्षण घेत होता. फुटबॉलपायी ते सुटले. "नाना, त्याच्या वडिलांचे काय झाले असेल?" असा त्यांचा प्रश्न. सूनबाईंनी स्वयंपाकघरातून उत्तर दिले की, वैद्य पुष्कळ झाले, ऑलिंपिकचा कर्णधार एकच झाला. चिरंजीव म्हणाले, कर्णधार एकच होतो हेच तर मी सांगत आहे. या संवादात कोण जिंकले हे मी पंच असूनही सांगू शकलो नाही.

मला मात्र वाचता वाचता एक गोष्ट कळून आली होती, ती मी दोघांपुढे ठेवली. मॅथ्यूज काय किंवा नेव्हिल काय, खेळावर कोणीच गबर झाले नाही. इंग्लंडात १९६१ पर्यंत फुटबॉलपटूच्या वेतनास कायद्यासारखी मर्यादा होती. शेवटी शेवटी ती आठवड्यास वीस पौंड होती, मग तो मॅथ्यूज असो वा दहावा बदली गडी असो. आपल्याकडे तर खेळासाठी वेतन असे नव्हतेच. टाटा, कॅल्टेक्स यांसारख्या कंपन्या, पोलीस, रेल्वे, गोद्या नोकऱ्या देत आणि नोकरीच्या आधारावर माणसे खेळत. सकाळी हजेरीपटावर सही, दुपारनंतर कूपरेजवर सराव. ही व्यवस्था दिसावयास रुक्ष, पण तिच्यात एक शहाणपण होते: सामना संपल्यानंतरच्या सोमवारचा विचार कोणी तरी केलेला असे. पुढे कंपन्यांचे संघ एकामागून एक मिटत गेले. खेळाडूस आज मिळू शकणारा पैसा त्या काळच्या कल्पनेपलीकडचा आहे, परंतु तो वरच्या मूठभरांस. त्या मुठीबाहेर राहिलेल्या मुलाचा हजेरीपट कोठे आहे, हे त्या शिक्षणसंस्थेच्या गुळगुळीत माहितीपत्रात मला दिसेना. मैदानाचे माप होते, वसतिगृहाची चित्रे होती, आहारातील प्रथिनांचा तक्ता होता. अठराव्या वर्षी ज्याचे नाव संघाच्या यादीत येणार नाही, त्याच्याविषयी एक ओळ नव्हती.

तेव्हा मी निकाल दिला तो असा: 'नाही' म्हणावयाचे नाही, परंतु तीन प्रश्नांची उत्तरे आल्यावाचून 'होय'ही म्हणावयाचे नाही. पहिला प्रश्न, गुडघा वा घोटा दुखावला तर उपचार कोण करणार व किती दिवस. दुसरा, दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची व अभ्यासास दिवसातून किती तास. तिसरा, आजवर अठरा वर्षे पुरी करून बाहेर पडलेल्या मुलांपैकी किती खेळत आहेत व उरलेले काय करीत आहेत. चिरंजीवांस हे पटले, कारण यात पुलाची परीक्षा होती. सूनबाईंस पटले, कारण यात नकार नव्हता. नातवास किती पटले ते सांगवत नाही, त्याने फक्त "उत्तर कधी येईल?" एवढे विचारले, आणि तेव्हापासून तो दररोज विचारीत आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पंधरवड्यात आली. ती समाधानकारक आहेत. दुखापतीच्या बाबतीत तर अपेक्षेहून बरी. तिसऱ्याचे आलेले नाही. एकदा स्मरणपत्र गेले, त्यावर 'माहिती संकलित करण्यात येत आहे' असा मोघम मजकूर आला. जूनचा दुसरा आठवडा हा प्रवेशाचा शेवटचा आठवडा. आणि परवापासून आमच्याकडे वळवाच्या सरी सुरू झाल्या असल्यामुळे मुलगा संध्याकाळचा पुन्हा चिखलाने माखून परसदारी उभा राहू लागला आहे. काल दुसरे स्मरणपत्र पाठविले. पहिल्यापेक्षा ते पुष्कळच कडक होते, आणि त्यातला मजकूर या वेळी सूनबाईंनी लिहिला होता.